फुरसत नावाची होडी

ट्रॉलर म्हटलं की आपल्या कोकणी माणसाच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभं राहतं. हर्णैला किंवा मिरकरवाड्याला लागलेली, रंग उडालेली, डिझेलचा भपकारा सोडणारी आणि पाठीमागे जाळं ओढणारी बोट. तिच्यात बसून कुणी सहलीला जातं असं सांगितलं तर लोक हसतात. आमच्याकडेही हसले. पण दुनियेत याच नावाची दुसरी एक बोट आहे. ती मासे मारत नाही. अंगकाठी मच्छीमार बोटीची, पोट गोल आणि भरदार, आत एकच डिझेल इंजिन, वर राहण्यापुरती खोली. चाल बैलगाडीची. अमेरिकेच्या नौदलात कप्तान असलेले रॉबर्ट बीब यांनी साठ वर्षांपूर्वी सिंगापूरला अशी एक पन्नास फुटी बोट बांधून घेतली आणि १९६३ साली ती हिंदी महासागर, लाल समुद्र असा प्रवास करत ग्रीसपर्यंत नेली. पुढे १९७५ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की, लांबचा पल्ला गाठायला श्रीमंती लागत नाही, सावकाश जाण्याची तयारी लागते.

आम्ही म्हणजे चिपळूणचे तिघे चुलत-मावस भाऊ. एकाने बावीस वर्षं जहाजांच्या पोटात मोटरमन म्हणून काढली. दुसरा कुवेतला एसी दुरुस्त करत होता. तिसऱ्याने इथेच हायस्कुलात भूगोल शिकवला. तिघेही आता घरी आहोत. दोघांच्या गुडघ्यांनी आणि एकाच्या साखरेने बाकीचे छंद बंद केलेले. तेव्हा एक जुनी मच्छीमार बोट घ्यायची, तिचा बर्फाचा कप्पा काढून झोपायची जागा करायची आणि वाशिष्ठीतून दाभोळपर्यंत फिरत राहायचं, असं तिघांनी ठरवलं.

घरात पहिला प्रश्न दादीने विचारला. "मासे मारणार?" नाही. "कौलं वाहणार? वाळू?" नाही. "लोकांना मगरी दाखवून तिकीट घेणार?" तेही नाही. "मंग कशाला?"

हा 'कशाला' पुढे आम्हाला वर्षभर भेटत राहिला. दुकानात भेटला, मशिदीच्या पायरीवर भेटला, सरकारी टेबलावर भेटला. म्हणून त्याच्याबद्दल आधी थोडं लिहितो.

दादीचा प्रश्न बरोबर होता. आमच्या लोकांनी होडी कधी मजेसाठी ठेवलीच नाही. कोकणी मुसलमानांची आडनावं एकदा वाचून पाहावीत. नाखवा, तांडेल, सारंग, मुकादम. अर्धी यादी जहाजावरच्या हुद्द्यांची आहे. आपण शाफई का, हा प्रश्न मदरशात फारसा कुणी विचारत नाही. उत्तरेकडचे बहुतेक मुसलमान हनफी, आणि कोकण, भटकळ, मलबार, श्रीलंका, इंडोनेशिया हा सगळा किनारा शाफई. नकाशावर बोट ठेवून पाहिलं तर उत्तर समोर येतं. आपल्याकडे मजहबसुद्धा गलबतातून आला, अरब व्यापाऱ्यांच्या वाऱ्यावर. दाभोळ तेव्हा बहामनी आणि पुढे आदिलशाहीचं मोठं बंदर होतं. इथून माणसं हजला जायची, घोडे उतरायचे. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी मायदेशी परतायला इथूनच जहाजात बसला. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगिजांनी ते जाळलं. नंतर इंग्रजांच्या आगबोटी आल्या आणि रत्नागिरी जिल्ह्यातले आमचे आजे-पणजे त्यांच्यावर खलाशी, टिंडल, सारंग म्हणून गेले. एडन आणि सुएझ ही नावं आमच्या घरांत गुहागर-दापोलीसारखी बोलली जायची.

मग हे सगळं दोन पिढ्यांत आटलं. कोकणातली बोटसेवा बंद झाली. मुंबईहून जेद्दाला जाणारी हजची जहाजं १९९५ पासून थांबली. आखातात जायला विमान आलं. आमच्या मुलांना दुबईच्या विमानतळाचे दरवाजे पाठ आहेत, पण भरती कधी लागते ते विचारलं तर ती मोबाईल काढतात. दोष त्यांचा नाही. ज्या ज्ञानावर पोट चालत नाही ते घरात टिकत नाही. आम्हाला वाटलं, पोट चालत नसतानाही ते टिकवता येतं का पाहावं. दादीला हे पटलं नाही. "पैसे जास्त झालेत," एवढंच ती म्हणाली.

आता घेण्याविषयी. कुणाच्या मनात असेल तर आमचा अनुभव कामाला येईल.

जुनी बोट पाहायची ती पावसाळ्यात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बोटी कोरड्यावर ओढलेल्या, वर झापांचं छप्पर टाकलेलं. पाण्यात असताना बोट नवरीसारखी दिसते, सगळं वरचं दिसतं. कोरड्यावर तिचं पोट उघडं पडतं. आम्ही दाभोळ, हर्णै, जयगड असं फिरलो आणि वाकून वाकून कंबर मोडून घेतली. मोटरमन भाऊ हातात लहान हातोडी घेऊन फळीन् फळी ठोकत जायचा. चांगलं लाकूड खणखणतं, कुजलेलं मऊ बोलतं. खाडीच्या मचूळ पाण्यात लाकूड पोखरणारा किडा असतो. तो वरून टाचणीएवढं भोक पाडतो आणि आत फळीचं जाळं करून टाकतो, म्हणून नजरेवर विश्वास ठेवायचा नाही. इंजिन तापवून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी, थंड असताना, आपल्यासमोर सुरू करायला सांगावं. पहिला धूर बरंच काही सांगून जातो. पंख्याचा दांडा हाताने हलवून पाहावा. आणि कागद पाहावेत. मालक कितीही गोड असला, चहा कितीही पाजला, तरी कागद.

फायबरची घ्यावी की लाकडाची यावर आमच्यात महिनाभर वाद झाला. फायबरला देखभाल कमी, किड्याची भीती नाही. एसीवाल्या भावाचं मत तेच. पण लाकडाची दुरुस्ती गावातल्या मिस्त्रीला येते, हा मोटरमनचा मुद्दा शेवटी वरचढ ठरला. बत्तीस फुटांची सागाची बोट मिळाली. पाण्याला टेकलेली लांबी तीस फूट. इथे भूगोलवाल्याने वहीत गणित मांडून दाखवलं. अशा गोल पोटाच्या बोटीचा वेग तिच्या लांबीने बांधलेला असतो. पाण्याला टेकलेल्या लांबीचं फुटांतलं वर्गमूळ घ्यायचं आणि १.३४ ने गुणायचं. म्हणजे आमची बोट सात नॉटच्या थोडी वर, ताशी साडेतेरा किलोमीटर. त्यापुढे मोठं इंजिन टाकलं तरी ती स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढत बसते, डिझेल दुपटीने जातं आणि वेग काही वाढत नाही. ज्याला घाई आहे त्याने ही बोट घेऊ नये, रस्त्याने एसटीने जावं.

डिझेलवरून आठवलं. मच्छीमार बोटींना सहकारी सोसायटीमार्फत डिझेलवरच्या कराचा परतावा मिळतो. सहलीच्या बोटीला तो नाही, आणि ते योग्यच आहे.

मिस्त्री गुहागर तालुक्यातले, वयाने सत्तरीला टेकलेले. वर्षभरात आम्हाला भेटलेल्या माणसांपैकी 'कशाला' न विचारणारे तेच एक. त्यांनी विचारलं, "झोपणार किती माणसं?" आम्ही सांगितलं, सहा. "बायका पण?" हो. "मग संडास आधी बांधू, बाकीचं मागनं." या एका वाक्यावर आमच्या घरातल्या बायका त्यांच्या बाजूच्या झाल्या. त्यांनीच सांगितलं की बर्फ आणि मासळी काढल्यावर अशी बोट हलकी होऊन वर येते आणि फार डोलते, तेव्हा तळाशी वजन घालावं लागेल. आम्ही काळे दगड घातले. डोलणं आणखी कमी करायला त्यांनी मागे एक लहान शीड लावायचं सुचवलं. पळवण्यासाठी नाही, नुसतं बोट धरून ठेवण्यासाठी. सदऱ्याच्या बाहीएवढं ते शीड पहिल्यांदा वर चढलं तेव्हा मोटरमन भाऊ, जो आयुष्यभर इंजिनाच्या आवाजात राहिला, बराच वेळ मान वर करून उभा होता.

बोटीचं नाव 'फुरसत' ठेवलं.

आणि आता कागदांची गोष्ट, जी लिहायची की नाही यावर आमच्यात मतभेद होते.

मच्छीमार म्हणून नोंदलेली बोट सहलीची करायची तर नोंदणी बदलावी लागते, बोटीची तपासणी होते, चालवणाऱ्याची पात्रता पाहतात. खाडी-नद्यांतल्या बोटींसाठी १९१७ चा जुना कायदा होता, त्याच्या जागी २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आला. हे सगळं रीतसर आहे आणि असायलाच हवं. १७ जुलै १९४७ ला रेवसजवळ 'रामदास' बोट बुडाली, सहाशेंहून जास्त माणसं गेली. किनाऱ्यावरच्या माणसाने तपासणीला कंटाळू नये.

पण एका कार्यालयात समोरच्या साहेबांनी अर्जावरची तीन नावं वाचली आणि त्यांचं पेन थांबलं. "धंदा काय करणार?" काही नाही. "मग बोट कशाला?" फिरायला. "रात्री पण?" कधीतरी. "खाडीतच की बाहेर पण?" माणूस उर्मट नव्हता. चहा विचारला. पण दादीचा 'कशाला' आणि हा 'कशाला' यांच्यात जो फरक आहे तो आमच्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही.

आम्ही आंधळे नाही. १९९३ मध्ये याच कोकण किनाऱ्यावर, रायगडात दिघी आणि शेखाडीला, मुंबईच्या बॉम्बस्फोटांचा माल उतरला. २००८ च्या नोव्हेंबरात दहशतवादी 'कुबेर' नावाच्या मच्छीमार ट्रॉलरवरून मुंबईच्या तोंडाशी आले. त्यानंतर किनाऱ्यावर ओळखपत्रं आली, बोटींना राज्यवार रंग ठरले, सागरी पोलीस ठाणी वाढली. हे झालं नसतं तर आम्हीच विचारलं असतं की का झालं नाही. 'कुबेर'चा तांडेल त्याच बोटीवर मारला गेला, हे लोक विसरतात. समुद्रावरून आलेल्या त्या संकटाने पहिल्यांदा खलाश्यांचाच घास घेतला. पण ज्याच्या घरात चार पिढ्या तांडेल होते त्याला वल्ह्याला हात लावायला खुलासा द्यावा लागतो, आणि खुलासा देताना तो स्वतःच आवाज खाली आणतो, ही गोष्ट कुठल्या फाईलीत नोंदली जात नाही. कुवेतहून आलेल्या भावाच्या मुलाने पुण्याहून फोन केला. "अब्बा, बोटीचे फोटो ग्रुपवर टाकू नका." तो इंजिनिअर आहे, शहाणा आहे. त्याला कुणी असं शिकवलेलं नाही. ते त्याला आपोआप कळतं, जसं आम्हाला भरती कळायची.

आम्ही उलटं केलं. बोटीचं नाव दोन्ही बाजूंना हातभर मोठ्या देवनागरी अक्षरांत रंगवलं. कुठे जातो, केव्हा परततो ते दर वेळी सागरी पोलिसांना कळवतो. शेजारपाजारच्या सगळ्यांना एकदा तरी बोटीवर बसवलं. सात महिन्यांनी कागद झाले. त्या साहेबांनीच सही केली आणि म्हणाले, "एकदा आम्हाला पण न्या." आम्ही नेलं. त्यांना मळमळलं. कोकम सरबत दिलं.

वाशिष्ठीत बोट चालवणं म्हणजे पाण्याचा अभ्यास. चिपळूण समुद्रापासून चाळीस किलोमीटर आत आहे, तरी गोवळकोटपर्यंत भरती येते. म्हणून तर तिथे धक्का झाला आणि पडाव-मचवे माल घेऊन वर यायचे. शिवाय कोयनेचं पाणी. पोफळीला वीज तयार झाली की ते पाणी वाशिष्ठीत उतरतं, त्यामुळे इतर नद्या मार्चमध्ये सुकतात तेव्हाही ही वाहती असते. विजेची मागणी वाढली की नदीचं अंगही थोडं बदलतं. आणि गाळ. २२ जुलै २०२१ चा महापूर चिपळूणकर मरेपर्यंत विसरणार नाहीत. त्यानंतर लोकांनी आंदोलन केलं तेव्हा वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळ उपसायला घेतला गेला. पण पाऊस दर वर्षी नवीन रेती आणतो आणि जुना नकाशा निरुपयोगी करतो. आमच्या बोटीला तीन फूट पाणी लागतं. ओहोटीला अशा जागा आहेत की तिथे बगळा उभा दिसतो, आणि बगळ्याचे पाय काही तीन फुटांचे नसतात.

भरतीचा हिशेब आपल्याकडे भिंतीवरच टांगलेला आहे, हे आम्हाला बोट घेतल्यावर नव्याने उमगलं. हिंदू शेजारी तिथीवरून भरती सांगतात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. आपली तारीखही चांदाचीच. चांद बहुधा द्वितीयेच्या संध्याकाळी दिसतो, म्हणून आपल्या तारखेत एक मिळवला की तिथी हाती येते. मशिदीच्या कॅलेंडरवर नमाजच्या वेळा असतात, त्यातच भरतीही आहे. चांदरातीच्या आसपास आणि चौदाव्या-पंधराव्या चांदाला उधाण, सातव्या-आठव्याला आणि बाविसाव्याला भांग. शब-ए-बरातच्या रात्री खाडी नेहमी काठोकाठ भरते, ते याच हिशेबाने. हा ठोकताळा आहे. मुखाशी भरती आधी लागते, वर गोवळकोटला उशिरा पोहोचते. नक्की वेळेला छापील कोष्टक पाहावंच. पण दादी अंगणात बसून 'आज दहावा चांद, पाणी आठच्या सुमाराला' म्हणते, आणि कोष्टकात फार फरक निघत नाही. हे तिला येतं हे आम्हाला साठी गाठेपर्यंत माहीत नव्हतं. आम्ही कधी विचारलं नव्हतं, तिने कधी सांगितलं नव्हतं.

खाली जाताना भरती पुरी होऊन पाणी फिरलं की गोवळकोटहून सुटायचं. मग ओहोटीच आपल्याला ओढून नेते, इंजिन नुसतं गुरगुरत ठेवायचं. कालुस्ते मागे पडतं, दोन्ही बाजूंना कांदळवन दाट होत जातं. मालदोलीच्या परिसरात चिखलावर मगरी पडलेल्या असतात, थंडीच्या दिवसांत ऊन खात, जबडा उघडा टाकून. नातवंडं बोट दाखवून मोजतात. पुढे जगबुडी येऊन मिळते आणि खाडीचा अंगरखा एकदम सैल होतो. मध्ये भोई लोकांची जाळी असतात. त्यांना वळसा घालून, इंजिन मंद करून जायचं, हा आमच्या बोटीवरचा पहिला कायदा आहे. त्यांची रोजी आहे, आमची फुरसत. लोटे औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याने खाडीतली मासळी मरते ही त्यांची तक्रार फार वर्षांची आहे. किनाऱ्यावरून ती बातमी वाटते. पाण्यावर, मेलेल्या माशांतून बोट हाकताना, ती तशी वाटत नाही.

साडेतीन तासांत दाभोळ. पलीकडे धोपावे, मध्ये २००३ पासून चालणारी गाड्यांची फेरी. काठाला आदिलशाही काळातली ती चार मिनारांची मशीद. आम्ही जरा बाजूला, फेरीच्या वाटेतून दूर, नांगर टाकतो. अंजनवेलच्या बाहेर, टोळकेश्वरच्या दीपगृहापुढे, अजून गेलेलो नाही. मुखाशी रेतीची पट्टी आहे, तिच्यावर लाट फुटते, आणि बाहेर जायला वेगळी तयारी, वेगळे कागद लागतात.

पहिल्या मुक्कामाला अस्रची नमाज बोटीवरच पढलो. दाभोळहून किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला, म्हणजे थेट खाडीच्या मुखाकडे. सफ धरली आणि दुसऱ्या रकातीत ओहोटी लागली. नांगरावरची बोट हळूहळू फिरू लागली. जहाज फिरलं तर नमाजीनेही किब्ल्याकडे फिरत राहावं, हा मसला लहानपणी मौलवीसाहेबांनी शिकवला होता. तेव्हा आम्ही वर्गात हसलो होतो, चिपळुणात कुणाला लागणार म्हणून. आता तीन म्हातारे आणि दोन पोरं पायांच्या बोटांवर इंचाइंचाने सरकत होतो. मागे बायकांची सफ होती, ती आमच्याआधी फिरली. सलाम फिरवल्यावर मोठी आपा म्हणाली, तुम्ही इंजिनाकडे तोंड करून उभे होतात.

आपाच आता निम्मा वेळ सुकाणू धरते. तिच्या हाताला घाई नाही, म्हणून बोट तिचं ऐकते. इंजिन बंद करणं, नांगर टाकणं आणि वायरलेसवर बोलणं या तीन गोष्टी बोटीवरच्या प्रत्येक मोठ्या माणसाला आल्याच पाहिजेत. लाइफ जॅकेट दाभोळ येईपर्यंत कुणी काढायचं नाही, नातवंडांनी तर झोपतानाही नाही. नांगर दोन हवेत. पाणी उपसायचा पंप विजेवरचा असला तरी एक हाताचा ठेवावा. मे संपायच्या आत बोट कोरड्यावर काढावी आणि नारळी पौर्णिमा उलटेपर्यंत पाण्याचं नाव घेऊ नये. निघताना आम्ही सूरह हूदमधली हजरत नूह यांच्या नावेची दुआ पढतो. मिस्त्रींनी नाळेला हळद-कुंकू लावून दिलं होतं, पाणी लागून त्याचा रंग अजून गेलेला नाही.

येत्या चौदाव्या चांदाला निघायचं ठरतं आहे. त्या दिवशी पाणी दुपारी बाराच्या पुढेमागे भरेल, म्हणजे अकरापर्यंत डबे भरून धक्क्यावर हवं. पुण्याचा मुलगा बायकोला घेऊन येणार आहे. फोटोंचं काय करायचं ते त्याचं तो ठरवेल. दादीने यंदा येते म्हणून सांगितलं आहे, पण तिची अट आहे: खुर्ची घरची पाहिजे, ती प्लास्टिकची नको. लाकडी खुर्ची बोटीच्या दारातून आत जात नाही. मिस्त्रींना निरोप धाडला आहे.